नायगाऱ्याला वळसा घालून

इंग्लंडचा राजा पहिला हेन्री ११३५ साली लॅम्प्रे मासे भरमसाट खाऊन मेला, असे जुने बखरकार सांगतात. त्या गमतीच्या नोंदीवरून मी या माशाच्या मागे लागलो आणि पोहोचलो थेट उत्तर अमेरिकेत. तिथे विसाव्या शतकात नेमके उलटे घडले होते. लॅम्प्रेने सरोवरेच खाऊन टाकली होती.

याला मासा म्हणताना जीभ अडखळते. जबडा नाही, अंगात हाडे नाहीत. वाटोळ्या तोंडात दातांची वर्तुळे आणि मध्ये खवणीसारखी जीभ. मोठ्या माशाच्या अंगाला चिकटायचे, भोक पाडायचे आणि रक्त पीत राहायचे. वर्ष-दीड वर्षाच्या या परोपजीवी आयुष्यात एक लॅम्प्रे १८ किलोपर्यंत मासे मारतो. तो मूळचा अटलांटिकचा. वरच्या सरोवरांची वाट नायगाऱ्याच्या धबधब्याने अडवलेली होती. जहाजांनी धबधबा टाळावा म्हणून १८२९ मध्ये वेलंड कालवा खुला झाला. १९२१ मध्ये लॅम्प्रे ईरी सरोवरात सापडला, १९३८ मध्ये सुपीरियरमध्ये. वरच्या सरोवरांत वर्षाला सुमारे दीड कोटी पौंड लेक ट्राउट निघत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते तीन लाखांवर आले. किनाऱ्यावरचे कोळी देशोधडीला लागले.

मला या इतिहासात भावते ती हॅमंड बे इथल्या प्रयोगशाळेची चिकाटी. व्हर्नन ॲपलगेट यांनी लॅम्प्रेचा जीवनक्रम बारकाईने तपासला होता. अंड्यातून निघालेली अळी कित्येक वर्षे ओढ्याच्या गाळात पुरून राहते. गाठायचे तर तिथेच. मग काचेच्या बरण्या मांडल्या गेल्या. प्रत्येक बरणीत लॅम्प्रेच्या अळ्या, सोबतीला ट्राउटसारखे मासे आणि एकेक रसायन. बहुतेक वेळा सगळेच जगत, नाहीतर सगळेच मरत. जवळजवळ ६,००० रसायने अशी पारखली, तेव्हा कुठे अळ्या मारून बाकीच्यांना वाचवणारे टीएफएम हाती लागले. इतर मासे हे विष शरीरात निष्प्रभ करतात; लॅम्प्रेला ते फारसे जमत नाही. १९५८ पासून सुपीरियरला मिळणाऱ्या ओढ्यांत ते सोडले जाऊ लागले.

तोवर सरोवरांचा तोल गेलाच होता. ट्राउटच उरले नाहीत म्हटल्यावर अेलवाइफ नावाचे छोटे मासे माजले आणि १९६७ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठांवर त्यांचे कुजके ढीग साचले.

अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५५ मध्ये स्थापलेला मत्स्य आयोग आजही हे काम पाहतो. लॅम्प्रे नव्वद टक्क्यांनी घटले. याला विजय म्हणायला मी मात्र कचरतो, कारण एक मादी लाखभर अंडी घालू शकते आणि ठरावीक वर्षांनी त्याच ओढ्यांत पुन्हा उतरावे लागते. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे फवारणीची पथके पुरेशी फिरू शकली नाहीत. गाळातून सुटलेल्या अळ्या मोठ्या होऊन सरोवरांत उतरल्या आणि लॅम्प्रेची संख्या पुन्हा वाढली.