क्रँक बदलण्याआधी तो का गेला, ते शोधा

इंजिनातून खोल, जड ‘ठक ठक’ येऊ लागते, ऑइलचा लाल दिवा लागतो आणि मेकॅनिक सांगतो, ‘क्रँक गेला.’ गाडीमालकाच्या पोटात गोळा येतो तो इथेच. कारण हे काम म्हणजे इंजिन खाली उतरवून पूर्ण खोलणं. टॅक्सी किंवा मालाची गाडी असेल तर खर्चासोबत रोजची कमाईही बंद. एवढं करूनही थोड्याच दिवसांत तोच आवाज परत आला, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. अशा वेळी दोष नव्या क्रँकचाच असेल असं नाही. जुना क्रँक ज्या कारणाने गेला, ते कारण इंजिनातच राहिलेलं असू शकतं.

क्रँक करतो काय?

पिस्टन वर-खाली होतो, चाकांना मात्र गोल फिरणारी ताकद लागते. हा बदल क्रँकशाफ्ट करतो. मेन जर्नलवर तो ब्लॉकमध्ये बसतो आणि मध्यापासून बाजूला असलेल्या पिनांवर कनेक्टिंग रॉड बसतात. मारुती 800 च्या तीन सिलिंडर इंजिनात चार मेन जर्नल आणि तीन पिना असतात. सरळ चार सिलिंडर इंजिनात बहुधा पाच आणि चार.

3000 आरपीएमला क्रँक सेकंदाला 50 फेरे मारतो. तरीही तो बेअरिंगवर घासत नाही, कारण मध्ये ऑइलचा पातळ थर असतो. या थरासाठी सोडलेली जागा मोटारीच्या इंजिनात साधारण 0.02 ते 0.06 मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. हा थर तुटला की आधी बेअरिंगचे शेल जातात, मग जर्नलवर ओरखडे पडतात.

थर तुटतो कशाने?

ऑइल कमी पडणं किंवा वेळेवर न बदलणं, हे पहिलं कारण. दुसरं आपल्याकडच्या रस्त्यांचं. खाली दगड लागून ऑइल चेंबरला पोचा पडतो. चेंबर गळत नाही म्हणून मालक गाडी चालवत राहतो, पण आत ऑइल ओढणारी जाळी पोच्यामुळे दबलेली असते आणि पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाही. झिजलेला ऑइल पंप, इंजिन तापणं, ऑइलमध्ये पाणी किंवा डिझेल मिसळणं ही आणखी कारणं. चोर्ला, आंबोलीसारख्या घाटात भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये रेटली तर कमी आरपीएमवर बेअरिंगवर मोठा भार येतो, तेव्हा ऑइलचा थर टिकणं अवघड होतं.

घासायचा की नवा घालायचा?

प्रत्येक वेळी नवा क्रँक लागतोच असं नाही. जर्नल मायक्रोमीटरने मोजून गोलाई आणि उतार तपासतात. झीज मर्यादेत असेल तर ग्राइंडिंग करून साईज एक पायरी खाली आणतात, बहुतेक 0.25 मिलिमीटर, गरज पडल्यास 0.50. मग त्याच अंडरसाईजचे जाड शेल घालावे लागतात. बेळगावात उद्यमबाग आणि शेजारी कोल्हापूर, दोन्हीकडे फाउंड्री आणि मशीन शॉपची जुनी वस्ती असल्याने असं काम करणारे हात जवळच मिळतात.

पण क्रँक वाकलेला असेल, तडा गेला असेल किंवा शेवटच्या साईजपर्यंत आधीच घासलेला असेल तर बदलणंच बरं. काही क्रँकच्या पृष्ठभागाला विशेष कडकपणा दिलेला असतो. घासल्यावर तो थर निघून जातो. म्हणून कंपनी ग्राइंडिंगला परवानगी देते का, ते त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये पाहावं. जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाईही जपावी लागते. तिथे धारदार कोपरा राहिला तर पुढे क्रँक तिथूनच तुटतो.

काम कसं होतं?

ऑइल आणि कूलंट काढून इंजिन उतरवतात. हेड, टायमिंग, चेंबर, क्लच आणि फ्लायव्हील निघतं. पिस्टन-रॉड काढताना कोणत्या सिलिंडरचा कोणता, याची खूण करून ठेवतात. मेन कॅपही ज्या जागेची, ज्या दिशेची, तिथेच परत बसवायची असते. कॅपसकट ब्लॉकचं बोअरिंग एकत्र झालेलं असतं, त्यामुळे अदलाबदल चालत नाही.

यानंतरचा टप्पा सर्वात महत्त्वाचा आणि घाईत नेमका हाच राहतो, तो म्हणजे सफाई. फुटलेल्या बेअरिंगचा चुरा ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांत जाऊन बसतो. प्लग काढून त्या वाटा ब्रशने आणि हवेने साफ कराव्या लागतात. क्रँकमधली छिद्रंही तशीच. टर्बो आणि ऑइल कूलर असेल तर तेही. हा चुरा राहिला तर नव्या शेलमध्ये तोच पहिला घुसतो.

मग शेल बसवून गॅप मोजतात. ‘हाताने फिरतोय, बस झालं’ एवढ्यावर भागत नाही. क्रँकची पुढे-मागे हालचालही डायल गेजने पाहतात आणि थ्रस्ट वॉशरने ती मर्यादेत आणतात. बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, टप्प्याटप्प्याने आवळतात. प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून पाहतात. जड झाला तर तिथेच थांबायचं. टॉर्कनंतर ठराविक कोनात फिरवायचे बोल्ट बहुतेक कंपन्या पुन्हा वापरू देत नाहीत. पुढचं-मागचं ऑइल सील नवंच घालावं, टायमिंगच्या खुणा दोनदा पाहाव्यात.

पहिली स्टार्ट

नवं ऑइल आणि फिल्टर घातल्यावर लगेच इंजिन चालू करू नये. इंधन बंद ठेवून स्टार्टरने थोडं थोडं फिरवावं, प्रेशर आल्यावरच चालू करावं. सुरुवातीचे काही शे किलोमीटर गाडी ओढू नये आणि पहिलं ऑइल लवकर बदलावं.

कागदपत्रांचं काय?

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, क्रँकवर नाही. त्यामुळे फक्त क्रँक बदलला तर आरसीला काही लागत नाही. ‘हाफ इंजिन’ घालताना मात्र ब्लॉकच बदलतो. तेव्हा बिल जपून ठेवावं आणि आरटीओत नोंद करून घ्यावी. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा अशी रोज हद्द ओलांडणाऱ्या गाडीचा नंबर तपासणीत जुळला नाही तर गाडी अडकते, विम्याचा दावाही.

मालकाने काय विचारावं?

काम देताना तीन गोष्टी विचाराव्यात: क्रँक कशामुळे गेला, ऑइल पंप आणि जाळी तपासली का, जर्नलचं माप किती आलं. जुने शेल मागून घ्यावेत. ते पाहून बिघाडाचं कारण बरंच कळतं. आणि चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर पुढच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा मोह टाळून इंजिन तिथेच बंद करावं. टोइंगचा खर्च क्रँकपेक्षा नक्कीच कमी असतो.