एक टन थंडाव्याचा इतिहास

आखातात नवे घर लावताना एक प्रश्न हमखास येतो : एसी किती टनाचा घ्यायचा? हॉलला दोन टन, बेडरूमला दीड, असे दुकानदार सांगतो आणि आपण मान डोलावतो. पण दीड टनाचा एसी दोन माणसे जिन्यावरून उचलून आणतात. मग हा टन कसला? इथेच जन्मलेल्या आपल्या मुलांनी हा प्रश्न आईबाबांना जरूर विचारावा. त्याचे उत्तर आपल्याला थेट जुन्या मुंबईच्या बंदरात घेऊन जाते.

हा टन आहे बर्फाचा. अमेरिकेतील बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून बर्फाच्या लाद्या कापून उष्ण देशांना पाठवी. 1833 साली त्याने ‘टस्कनी’ या जहाजातून सुमारे 180 टन बर्फ कोलकात्याला रवाना केला. विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांचा प्रवास करून जहाज पोहोचले, तेव्हा त्यातला सुमारे 100 टन बर्फ शाबूत होता! पुढच्याच वर्षी मुंबईनेही हा बर्फ पाहिला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाली, अशी हकीकत सांगितली जाते. बर्फ साठवायला मुंबईत खास इमारत उभी राहिली. मद्रासची तशी इमारत तर आजही समुद्रकिनारी उभी आहे. आज ती विवेकानंद भवन म्हणून ओळखली जाते.

बर्फ टिकला कसा? ट्यूडर लाद्यांभोवती लाकडाचा भुसा भरीत असे. भुशात अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते, त्यामुळे बाहेरची उष्णता आत फार हळू शिरते. शिवाय बर्फ वितळायला पुष्कळ उष्णता लागते. शून्य अंशावरच्या एक किलो बर्फाचे शून्य अंशावरचेच पाणी होताना तो सुमारे 334 किलोज्यूल उष्णता शोषतो आणि तरी तापमान वाढत नाही. शाळेच्या पुस्तकात हिलाच अप्रकट उष्मा म्हटले आहे.

पुढे बर्फ करणारी यंत्रे आली. पण गिऱ्हाइकाला कळत होता तो बर्फच. म्हणून यंत्राची ताकदही बर्फातच सांगू लागले : एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात काढून घेणारे यंत्र ‘एक टनाचे’. अमेरिकन टन म्हणजे सुमारे 907 किलो. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येते सेकंदाला सुमारे साडेतीन किलोज्यूल, म्हणजेच साडेतीन किलोवॅट. म्हणजे एसीचा टन हे वजन नाही. ते शक्तीचे, म्हणजे ऊर्जा हलवण्याच्या वेगाचे माप आहे. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला, तर त्याने जवळजवळ 1,360 किलो बर्फाचे काम केले. ट्यूडरच्या काळी एवढा बर्फ उचलायला हमालांची रांग लागली असती.

एसी नव्हता तेव्हा इथली माणसे काय करीत? दुबईच्या खाडीकाठी अल फहीदी वस्तीत फेरफटका मारला की उत्तर दिसते. दक्षिण इराणमधून आलेल्या व्यापाऱ्यांनी तिथे बारजील, म्हणजे वाऱ्याचे मनोरे असलेली घरे बांधली. शिंदग्यातील शेख सईद यांच्या 1896 सालच्या वाड्यावरही असे मनोरे आहेत. चारी बाजूंनी उघडा मनोरा उंचावरचा वारा पकडून खाली खोलीत उतरवतो. त्या वाऱ्याने अंगावरचा घाम सुकतो आणि सुकताना शरीराची उष्णता नेतो. नागपूरचा कूलर वाळ्याच्या ताट्या भिजवून हेच बाष्पीभवन साधतो. पण विदर्भातली हवा उन्हाळ्यात कोरडी असते. ऑगस्टमध्ये खाडीवर हवेतच इतकी वाफ असते की घाम सुकत नाही. तिथे कूलरही हरतो आणि बारजीलही थकतो. म्हणूनच अनेक कुटुंबे उन्हाळ्यात किनारा सोडून खजुराच्या बागांकडे जात.

1959 मध्ये दुबई इलेक्ट्रिसिटी कंपनी स्थापन झाली आणि 1961 पासून वीजपुरवठा सुरू झाला. तेव्हा इथले व्यवहार चक्क रुपयांत होत. 1966 पर्यंत आखाती रुपया चलनात होता. वीज आली, मागोमाग एसी आला आणि घर बांधण्याची रीतच पालटली. मनोरे मागे पडले, काच पुढे आली. उन्हाळ्यात गाव सोडण्याची गरज उरली नाही. आपल्यासारख्यांचे संसार इथे बारा महिने उभे राहिले, तेही याच टनाच्या जोरावर.

एक गोष्ट मात्र मुलांनी नीट समजून घ्यावी. एसी ‘थंडी’ तयार करीत नाही. होडीतले पाणी उपसून बाहेर टाकावे, तशी तो घरातली उष्णता बाहेर टाकतो. उपसायला वीज लागते आणि त्या विजेचीही शेवटी उष्णताच होते. दीड टनाचा एसी आतून सव्वापाच किलोवॅट उष्णता काढतो. त्यासाठी पावणेदोन किलोवॅट वीज लागली, तर बाहेर सात किलोवॅट पडते. ऊर्जा नष्ट होत नाही, तिची जागा बदलते. करामाच्या इमारतींमागच्या गल्लीत ऑगस्टच्या रात्री उभे राहिले की तो गरम झोत अंगावर येतो. जेवण घेऊन येणारा डिलिव्हरीवाला त्याच झोतात आपला दरवाजा शोधत असतो. उन्हात काम करणाऱ्यांसाठी 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन विश्रांतीचा नियम आहे, तो याच उष्णतेपायी.

यावर उपाय एसी बंद करणे नव्हे. भिंतीतून आत येणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर 42 अंश असताना आत 20 ऐवजी 24 ठेवले, तर हा फरक 22 वरून 18 वर येतो आणि आत शिरणारी उष्णता सुमारे 18 टक्क्यांनी घटते. तेवढे बिल कमी, आणि गल्लीवरचा भारही कमी.

दिवाळीच्या सुमारास आखातातल्या रात्री निवळू लागतात. फराळाला पाहुणे आले की एक खिडकी उघडून पाहा. खाडीवरचा जो वारा आत येईल, त्याला टनाचे माप नाही आणि त्याची उष्णता कुणाच्या अंगावर पडत नाही. सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!