यंत्र बदलतें, नोंद राहते

मुंबईस विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचा विचार विसाव्या शतकाच्या आरंभीं पक्का होऊं लागला, तेव्हां नगरवासीयांस त्यांत सोय दिसली. कुलाब्याच्या सरकारी वेधशाळेस मात्र त्यांत संकट दिसलें. १८४६ पासून या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें नियमितपणें टिपून ठेवण्यांत येत होतीं. ट्रामच्या तारांतून व रुळांतून वाहणारा विद्युत्प्रवाह स्वतःचें चुंबकक्षेत्र निर्माण करतो. मग शेजारची नाजूक चुंबकसूची हलली ती पृथ्वीमुळें कीं ट्राममुळें, हें कोणीं व कसें ठरवावें?

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनीं नवी जागा निवडली ती खाडीपलीकडील अलिबागची. मुंबईपासून सुमारें ३० किलोमीटर दूर असलेलें हें गांव त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याचें मुख्य ठाणें होतें. या जिल्ह्यास रायगड हें नांव १९८१ सालीं मिळालें. समुद्रकांठीं, लोखंडासारखे चुंबकीय पदार्थ कटाक्षानें टाळून, तेथें इमारत उभी राहिली व १९०४ सालीं कामास आरंभ झाला. परंतु मूस यांनीं कुलाब्याचीं यंत्रें लगेच बंद केलीं नाहींत. एप्रिल १९०४ पासून मार्च १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मापें घेतलीं जात होतीं. जागा बदलली कीं माप थोडें बदलतेंच. तो फरक ठाऊक असल्याखेरीज जुनी वही व नवी वही एकमेकींस जोडतां येत नाहीं. या दोन वर्षांच्या खबरदारीमुळेंच जुन्या मापांची मालिका न तुटतां पुढें चालूं शकली.

या वह्यांचें मोल १८५९ च्या सप्टेंबरांत घडलेल्या गोष्टीवरून कळतें. सूर्यावरील प्रचंड क्षोभानंतर पृथ्वीवर जें चुंबकीय वादळ आलें, त्याची मापें कुलाब्याच्या निरीक्षकांनीं डोळ्यांनीं वाचून हातानें लिहून ठेवलीं. २००३ सालीं भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनीं परदेशी सहकाऱ्यांसह तींच मापें तपासलीं, आणि क्षेत्राची घट सुमारें १६०० नॅनोटेस्ला होती असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. निरीक्षक गेले, यंत्रें गेलीं. नोंद तेवढी उरली व कामास आली.

संगणकाच्या जगास हा धडा शिकावयास बराच काळ लागला. आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं रॅमॅक या संगणकाबरोबर फिरत्या तबकड्यांची पहिली डिस्क विक्रीस आणली. ५० तबकड्यांवर मिळून तींत सुमारें ५० लाख अक्षरें मावत. पुढें लहान संगणक घरोघरीं व कचेरीकचेरींत पोंचले, तेव्हां प्रत्येकाची डिस्क त्याच्याच पोटांत असूं लागली. परिणाम असा झाला कीं, एकाची डिस्क तुडुंब भरलेली तर शेजाऱ्याची रिकामी. आणि संगणक बिघडला कीं त्याच्या पोटांतील नोंदीहि त्याच्याबरोबर अडकून पडत.

यांतून वाट निघाली ती दोन बाजूंनीं. पहिली बाजू ‘व्हर्च्युअल मशीन’ची, म्हणजे आभासी यंत्राची. एकाच संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्याचा आभास निर्माण करण्याची युक्ति आय. बी. एम.नेंच सिद्ध केली व १९७२ सालीं ती मोठ्या प्रमाणावर ग्राहकांस दिली. साध्या सर्व्हरांवर ती रुळविली व्हीएमवेअर या कंपनीनें, २००१ च्या सुमारास. अशा आभासी यंत्राची डिस्क ही वस्तुतः एक मोठी फाइलच असते. दुसरी बाजू ‘स्टोरेज एरिया नेटवर्क’ची, म्हणजे ‘सॅन’ची. डिस्का सर्व्हरच्या पोटांतून काढून एका सामाईक भांडारांत ठेवावयाच्या, आणि सर्व सर्व्हर वेगवान जाळ्यानें त्या भांडारास जोडावयाचे. यासाठीं लागणारी ‘फायबर चॅनल’ ही पद्धति १९९४ सालीं प्रमाण ठरली. दोन्ही बाजू एकत्र आल्यावर सर्व्हर हा केवळ चालविणारा राहिला. एक मोडला तर दुसरा तेंच आभासी यंत्र भांडारांतून उचलून कांहीं मिनिटांत सुरू करतो. २००३ पासून तर चालतें यंत्र न थांबवितां एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणेंहि शक्य झालें. त्या वेळीं हलते ती फक्त तात्पुरती स्मृति. डिस्क जागच्या जागींच राहते.

असें भांडार उभारतांना चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, डिस्कांची मांडणी अशी असावी कीं एखादी निकामी झाली तरी मजकूर उरावा. या मांडणीचें शास्त्र बर्कलेच्या संशोधकांनीं १९८८ सालीं मांडलें. दुसरी, भांडाराचे विभाग पाडून कोणता विभाग कोणत्या सर्व्हरांस दिसावा हें आधींच ठरवावें. तिसरी, प्रत्येक सर्व्हरपासून भांडारापर्यंत दोन स्वतंत्र वाटा असाव्यात, म्हणजे एक केबल वा एक स्विच बंद पडल्यानें काम अडत नाहीं. चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. एकाच खतावणींत दोन कारकून एकमेकांस न विचारतां लिहूं लागले तर वही नासते; तशीच साध्या फाइलपद्धतीची डिस्क दोन सर्व्हरांनीं एकदम लिहावयास घेतली तर तींतील मजकूर नासतो. म्हणून कोणती फाइल कोणाच्या ताब्यांत आहे याची खूण खुद्द भांडारांतच ठेवणारी खास फाइलपद्धति योजावी लागते.

येथें एक गैरसमज सहज होतो. सामाईक भांडार झालें म्हणजे नोंद सुरक्षित झाली, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. चुकीनें पुसलेली फाइल सर्व सर्व्हरांपुरती एकदमच पुसली जाते, आणि आग लागली तर भांडार एकच असतें. दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणीं असलीच पाहिजे. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षांत जागतिक माहिती केंद्रें निरनिराळ्या देशांत स्थापण्यांत आलीं, त्यामागें हाच हेतु होता. त्या परंपरेंतील भूचुंबकत्वाचें एक केंद्र भारतीय भूचुंबकत्व संस्था चालविते. या संस्थेचें मुख्य ठिकाण नवीन पनवेल येथें, म्हणजे रायगड जिल्ह्यांतच आहे. आणि अलिबागचीं मापें ‘इंटरमॅग्नेट’ या जागतिक जाळ्यामार्फत इतर देशांच्या अभ्यासकांसहि मिळतात.

सर्व्हर मोडला तर नवा विकत आणतां येतो. १८५९ चें वादळ पुन्हा मोजतां येणार नाहीं. ज्यांच्याकडे नोंदींचें भांडार सोंपविलेलें असतें, त्यांनीं खर्चाचा पहिला रुपया कोठें घालावा हें ठरवितांना एवढा भेद ध्यानांत ठेविला म्हणजे पुरे.