आप्त कोण? सॉफ्टवेअर बसवण्याचा थोडा इतिहास

ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवायचं म्हणजे एक आज्ञा टाइप करायची, असं आज वाटतं. पण त्या आज्ञेमागे एक जुना प्रश्न आहे: विश्वास कोणावर ठेवायचा?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्रास मूळ कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्याच यंत्रावर कंपाइल करायचा. एखादी लायब्ररी नसली की काम अडलं. ती आणावी, तर तिला आणखी दोन हव्यात! आमच्या न्यायशास्त्रात याला अनवस्था म्हणतात. एकाला दुसऱ्याचा आधार, दुसऱ्याला तिसऱ्याचा, आणि शेवट नाही. बरं, सगळं स्वतः केलं म्हणजे निर्धास्त? तसंही नाही. कंपायलरच खोटा असेल तर मूळ कोड वाचूनही उपयोग नाही, हे केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात दाखवलं होतं.

१९९३ साली इयन मरडॉक यांनी डेबियन सुरू केलं. तिथं पॅकेज सांभाळायला स्वयंसेवक असतात, आणि त्याला कशाकशाची गरज आहे हे पॅकेजमध्येच नोंदवण्याची शिस्त पुढे बसली. १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर ॲप्ट आलं. ते ही सगळी साखळी आपणहून आणू लागलं. न्यायदर्शनात आप्ताचा शब्द प्रमाण मानतात. आप्त म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि ती आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. ॲप्ट आणि आप्त, उच्चारही जवळचाच! (हशा)

पण आप्त सावकाश चालतो, आणि प्रोग्रामरला नवी आवृत्ती आजच हवी असते. जावास्क्रिप्टसाठी २०१० मध्ये आलेल्या एनपीएमवर कोणीही पॅकेज ठेवू शकतो, मध्ये तपासणारा नाही. मार्च २०१६ मध्ये नावाच्या वादातून एका लेखकानं आपली पॅकेजेस काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ होतं, जेमतेम अकरा ओळींचं. त्यावर टेकलेले जगभरचे प्रकल्प काही तास अडले.

मग डेबियनच बरं? २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लायब्ररीत चोरवाट सापडली. ती घालणाऱ्यानं टोपणनावानं दोनेक वर्षं काम करून आधी विश्वास कमावला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेपायी आंद्रेस फ्रॉइंड यांना ती दिसली. डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत ती पोचली होती, स्थिर आवृत्तीत मात्र नव्हती. सावकाशपणाचा फायदा झाला तो असा.

म्हणून माझं मत सांगतो. जे यंत्र वर्षानुवर्षं बिनबोभाट चालायला हवं, तिथं वितरणाचंच पॅकेज घ्यावं. नवी आवृत्ती हवीच असेल तर त्या प्रकल्पाचं वेगळं दालन करावं आणि नेमक्या आवृत्त्या फाइलीत लिहून ठेवाव्यात. दोन्हींची सरमिसळ करू नये. २०२३ च्या डेबियन १२ पासून पिप ही सरमिसळ आपणहून नाकारतं. अनवस्था कुठंतरी थांबवावीच लागते. ती कोणाच्या शब्दावर थांबवली, हे मात्र आपल्याला ठाऊक असलं पाहिजे.