मालदीवमधील प्रवाळनिमज्जन

मालदीवमधील प्रवाळनिमज्जन : पाठीवर दाबित हवेची टाकी घेऊन प्रवाळभित्तींवर पाण्याखाली विहार करण्याचा छंद. हिंदी महासागरातील मालदीव बेटांत तो १९७२ नंतर रुजला. या देशाची सर्व भूमी प्रवाळांनी घडविली असून ‘अटोल’ (कंकणद्वीप) ही शास्त्रीय संज्ञाही मूळ तेथील दिवेही भाषेतील आहे.

या छंदाचे साधन फ्रान्समध्ये तयार झाले. झाक ईव्ह कूस्तो (१९१०–९७) व अभियंता एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये बनविलेल्या नियामक झडपेमुळे पाणबुड्याला सभोवारच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा, श्वास घेताक्षणी मिळू लागली. ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञ हान्स हास (१९१९–२०१३) यांनी १९५७-५८ मध्ये ‘झारिफा’ या शिडाच्या जहाजातून येऊन मालदीवच्या भित्तींचे निरीक्षण केले. तथापि ही बेटे पर्यटनास अनुकूल नाहीत, असेच मत १९६०–७० या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी दिले होते. ते लवकरच खोटे ठरले. १९७२ मध्ये माले शहराजवळ कुरुंबा (कोवळा नारळ) हे पहिले विश्रामस्थळ सुरू झाले. पाठोपाठ त्याच वर्षी बंडोसही. ‘एका बेटावर एकच विश्रामस्थळ’ ही रीत पडल्यामुळे प्रवाशाला निवासापासून काही पावलांवरच भित्तीची कड गाठता येऊ लागली.

विसंगती अशी, की कुरुंबाच्या पहिल्या खोल्यांच्या भिंती प्रवाळदगडांच्याच होत्या. तोपर्यंत भित्ती ही स्थानिक लोकांची खाण होती. दुसरा दगड तेथे नव्हताच. पाहुण्यांना जे दाखवावयाचे, तेच फोडून त्यांच्यासाठी घरे बांधली जात होती. पुढे सरकारने प्रवाळ काढण्यावर निर्बंध घातले.

शार्क माशांबाबत हा हिशेब आकड्यांत मांडला गेला. आरी अटोलमधील ‘फिश हेड’ या बुडीत खडकाजवळचा एक शार्क, पाणबुड्यांमुळे वर्षाला सु. ३३,५०० डॉलर मिळवून देतो. मारला तर कोळ्याला एकदाच सु. ३२ डॉलर, असा अंदाज १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. दयेच्या आवाहनापेक्षा हा युक्तिवाद अधिक परिणामकारक ठरला असावा. मात्र लाभ विश्रामस्थळाचा व तोटा कोळ्याचा, ही अडचण या अंदाजाने सुटली नाही. १९९५ मध्ये फिश हेडसह काही निमज्जनस्थळे संरक्षित झाली आणि २०१० मध्ये शार्कच्या मासेमारीवर देशभर बंदी आली.

संरक्षणाने मासे वाचविता आले, प्रवाळ नव्हे. १९९८ मध्ये एल् निनोमुळे समुद्राचे पाणी तापले. अशा वेळी प्रवाळ आपल्या ऊतकांतील, अन्न व रंग पुरविणारी सूक्ष्म शैवले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. उष्णता टिकल्यास उपासमारीने मरतात. त्या वर्षी उथळ पाण्यातील बहुतेक प्रवाळ नष्ट झाले. काही भित्ती १५ वर्षांत सावरल्या, तोच २०१६ मध्ये व नंतर २०२४ मध्ये पुन्हा विरंजन झाले. दूरच्या देशांतून विमानाने येणारा पाणबुड्या या तापमानवाढीत स्वतःही अल्पसा भागीदार असतो.

गर्दीचा प्रश्न निराळा. बा अटोलमधील हनिफारू उपसागरात प्लवक खाण्यासाठी मँटा मासे मोठ्या संख्येने जमतात. पाणबुड्यांची दाटी व त्यांच्या हवेचे बुडबुडे यांमुळे त्यांच्या भक्षणात व्यत्यय येत असल्याने, २०१२ पासून तेथे हवेच्या टाकीसह उतरण्यास मनाई असून, केवळ श्वासनळी लावून पृष्ठभागावरून पाहण्याची अनुमती आहे.