जावा वेब सर्व्हरमधील स्मृतिगळती : एक ऐतिहासिक आढावा

संगणकाची स्मृती मर्यादित असल्याने काम संपताच व्यापलेली जागा मोकळी करणे आवश्यक असते. ही जबाबदारी यंत्राकडे सोपविण्याची पद्धत जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास लिस्प भाषेसाठी विकसित केली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावा भाषेने ती सर्वदूर पोहोचविली. तथापि, स्मृतीचा प्रश्न कायमचा सुटला, हा समज वेब सर्व्हरने खोटा ठरविला.

याचे कारण मूळ तत्त्वातच आहे. एखाद्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचणारा संदर्भ शिल्लक आहे काय, एवढेच यंत्र तपासते. त्याची गरज उरली आहे काय, हे त्यास कळत नाही. टॉमकॅट सर्व्हरवर ॲप्लिकेशनची नवी आवृत्ती बसविली, तरी न थांबलेला एखादा थ्रेड जुन्या आवृत्तीचे सर्व क्लास स्मृतीत अडकवून ठेवू शकतो. असे वारंवार घडल्यास क्लासच्या माहितीसाठी राखीव असलेला ‘पर्मजेन’ विभाग भरून जाई. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यास काम चाले. मात्र दोषाचा पुरावा नाहीसा होई.

म्हणूनच स्मृती संपताच हीपची प्रत फाइलमध्ये उतरविण्याची सोय महत्त्वाची ठरली. २००६ च्या जावा ६ मध्ये ती उपलब्ध होती. २०१० मध्ये टॉमकॅट ६.०.२४ ने गळती ओळखण्याची व रोखण्याची व्यवस्था आणली. २०१४ मध्ये जावा ८ ने पर्मजेन काढून मेटास्पेस आणला. त्याला मूलतः कमाल मर्यादा नसल्याने गळती थांबली नाही, केवळ उशिरा दिसू लागली.

सारांश, सफाई यंत्राकडे गेली. गरज ठरविण्याचे दायित्व मात्र माणसाकडेच राहिले.