उपवासाच्या बटाट्याच्या कोशिंबिरीचे मूळ

नाशिक-त्र्यंबकेश्वर परिसरात श्रावणी सोमवारी किंवा निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या पौष वद्य एकादशीला उपवासाच्या पानात जी बटाट्याची कोशिंबीर वाढली जाते, ती आज इतकी सोवळी मानली जाते की तिचे मूळ परक्या भूमीत शोधणे अनेकांना रुचत नाही. उकडून पूर्ण गार केलेल्या बटाट्याच्या फोडी, चोचवलेली, म्हणजे सुरीने उभे-आडवे घाव घालून बारीक केलेली काकडी, दाण्याचे कूट आणि सायीचे दही एकत्र करून त्यावर तुपात जिरे-मिरचीची फोडणी दिली जाते. हळद आणि मोहरी वर्ज्य असते, तर कोथिंबिरीबाबत घरोघरी मतभेद आढळतात. यांपैकी बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे तिन्ही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले असून पोर्तुगीजांचे जलमार्ग सुरू होण्यापूर्वी महाराष्ट्रात ते कोणी पाहिलेही नव्हते.

खरा वाद बटाट्याचा आहे. एका मताप्रमाणे तो गोव्यातून कोकणमार्गे घाटावर आला आणि त्याचे पोर्तुगीज नावच त्याला साक्ष आहे. परंतु हेच नाव आरंभी रताळ्याला लावले जात असे, त्यामुळे केवळ नावावरून काळ ठरवता येत नाही. मुघल दरबारातला इंग्रज वकील टॉमस रो याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने मुघल सरदार असफखानाच्या मेजवानीतल्या ज्या ‘पोटॅटो’चे वर्णन केले आहे, तेही रताळेच असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. दुसरे मत इंग्रजी अमदानीकडे बोट दाखवते. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८च्या सुमारास, महाबळेश्वर वसले आणि पुढे तेथील तुरुंगातल्या चिनी कैद्यांनी बटाट्याची व विलायती भाज्यांची लागवड वाढवली.

काही पदार्थांचे मूळ मात्र एका कर्त्यापर्यंत नेता येते. मॉस्कोच्या ‘हर्मिटेज’ उपाहारगृहात १८६०च्या दशकात ल्युसियन ऑलिव्हिएने सजवलेल्या थंड बटाटा-सॅलडच्या पाककृतीवर हक्क सांगणारे इतरही निघाले, कारण तिथे एक आचारी आणि एक गुपित होते. या कोशिंबिरीला असा कर्ता नाही, आणि तो शोधण्याचा आग्रह धरणेच चुकीचे आहे. उपवासाला धान्य वर्ज्य आणि कंदमुळे ग्राह्य, हा नियम बटाट्याच्या आगमनापूर्वीचा आहे. दह्यात कालवलेली कोशिंबीरही तितकीच जुनी आहे. बटाट्याने नवा पदार्थ घडवला नाही, तर रताळे-सुरणाच्या पंक्तीत तयार असलेली जागा घेतली. सुरणासारखा तो खाजत नाही, रताळ्यासारखा गोड लागत नाही आणि दह्या-मिठाशी चटकन जमून जातो, हे त्याच्या सोवळ्यातल्या प्रवेशाचे सर्वांत सबळ कारण मानावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे जिल्ह्याच्या खेड-जुन्नर पट्ट्यात त्याचे पीक रुजले होते, आणि हा पट्टा पुणे-नाशिक रस्त्यावरचाच असल्याने नाशिकच्या स्वयंपाकघरापुरता तरी गोव्यापेक्षा खेड-जुन्नरचा दावा अधिक सयुक्तिक ठरतो.